येळवशीचा उंडा

१

गाईच्या पोटातून मी आजवर काय काय काढलंय हे सांगायला लागलो की लोक आधी हसतात आणि मग हळूच आपापल्या खिशाला हात लावतात. खिळे, तारा, नटबोल्ट हे तर रोजचंच. शिवाय एका नवरीचं पैंजण, एका मास्तरांच्या चष्म्याची काडी आणि आहेरात आलेलं एक अख्खं लुगडं, ज्याची घडी मोडली होती पण किनार शाबूत होती. मी देवणीत जनावरांचा डॉक्टर आहे, आणि आमच्या भागातल्या गाई फार प्रेमळ आहेत. जे पुढ्यात येईल त्याला त्या पोटात जागा देतात.

लहान पोरानं नाणं गिळलं तर माणसांचे डॉक्टर फोटो काढतात, ते पोटात उतरलंय असं दिसलं की केळी खायला घाला म्हणतात आणि वाट बघतात. बहुतेक वेळा नाणं आपल्या वाटेनं बाहेर येतं. गाईच्या बाबतीत वाट बघून भागत नाही. गाय आधी गिळते आणि मग सवडीनं चावते. गिळलेली जड वस्तू तिच्या पहिल्या मोठ्या पोटातून पुढच्या जाळीच्या पोटात जाऊन बसते आणि जुन्या भाडेकरूसारखी तिथून हलायचं नाव घेत नाही. मग डावी कूस उघडायची, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि चाचपून ती वस्तू बाहेर काढायची. गाय तेवढा वेळ उभी असते. एखादी तर समोरचा कडबाही खात राहते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. त्यातून गाईचं पोट म्हणजे माझ्या ओळखीची जागा. तिथं अंधार असतो, ऊब असते, आंबूस वास असतो आणि कुणी नसतं. यातलं शेवटचं मी परवाच्या येळवशीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

२

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी लातूर काय, उदगीर काय, सगळी गावं कुलूप लावून शेतात जातात. मागं राहतात ती कुत्री आणि ज्यांना उठता येत नाही अशी माणसं. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, ताकात कालवलेली ज्वारीची अंबील शिंपडत शिवाराला फेरी घालायची आणि मग दिवसभर जेवायचं. या सणाला एकच कायदा आहे. शिवारात जो कुणी दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख लागत नाही, जात लागत नाही. त्या दिवशी आपल्या हद्दीत कुणी उपाशी राहिला तर वर्षभर पीक रुसतं म्हणतात. मला पिकाचं माहीत नाही, पण हा कायदा मी मनापासून पाळतो आणि निदान पाच शेतांत जेवतो.

यंदा पहिला मान होनवाडीच्या मलप्पाकाकांचा होता. काका सत्तरी ओलांडलेले, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्याचं 'करू की पुढल्या साली' म्हणून राहिलेलं. त्यांची बायको गंगम्माकाकू अशी वाढते की पाहुण्याला दोन्ही हात ताटावर आडवे धरावे लागतात. मी, माझी बायको अंजू आणि आमच्या दवाखान्यातला ड्रेसर संगप्पा असे तिघं सकाळीच पोचलो. संगप्पाला मदतीला न्यायचा एक फायदा आहे. जेवण कुठं चांगलं मिळेल हे त्याला वासावरून कळतं.

"आवो डॉक्टर, हे काय खाणं झालं? चिमणीवानी टोचून ऱ्हायलेत!" काकू माझ्या ताटात भज्जी ओतत म्हणाल्या. भज्जी म्हणजे भजी नव्हे. हिरवे दाणे, शेंगा, भाज्या असं शिवारातलं जे जे हाताला लागेल ते बेसनात शिजवतात, ती आमची भज्जी. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि लसणाची फोडणी दिलेली थंडगार अंबील. कोपीच्या मागं करडई दाटलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले आणि उन्हाला अजून चटका नव्हता. अंजू म्हणाली, "तुम्हाला असं खाताना बघितलं की वाटतं, तुमचीच कूस उघडून बघावी."

काका मात्र अजून जेवले नव्हते. आधी त्यांची पूजा व्हायची होती. काका लिंगायत. लहानपणी गुरूंनी दिलेलं इष्टलिंग चांदीच्या आवळ्याएवढ्या डबीत, दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात असतं. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याची पूजा करायची, पुन्हा डबीत ठेवून डबी गळ्यात घालायची आणि मगच पाण्याचा घोट. त्या दिवशी विहिरीवर आंघोळ झाली, पूजा झाली आणि डबी गळ्यात घालताना दोरा तुटला. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, पाहुन्यांना वाढून झालं की लगेच नवा ओवून देते."

आता लिंग जमिनीवर ठेवत नाहीत. काकांनी तुटक्या दोऱ्यासकट डबी पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि शेजारी उंड्यांची दुरडी होती तिच्यात अलगद ठेवली. जेवायला बसायचंच म्हणून साखरेच्या आजाराची गोळीही पाण्याशिवाय, कोरडीच गिळून टाकली. मग त्यांच्या लक्षात आलं की आधी गाईचा घास. ऑपरेशन न झालेल्या डोळ्याच्या बाजूनं त्यांनी दुरडी उचलली, झाडाखाली बांधलेल्या हौशीपुढच्या घमेल्यात पालथी केली आणि तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "खा माय, पोटभर खा."

हौशी ही त्यांची देवणी जातीची गाय. अंगानं पांढरीशुभ्र, तोंडावर काळे ठिपके आणि नावाप्रमाणे हौशी. तिनं पोटभर खाल्लं.

३

पानावर बसताना काकांचा हात छातीकडे गेला आणि तिथंच राहिला.

मग शोधाशोध सुरू झाली. कोपीत, विहिरीच्या काठावर, हरभऱ्याच्या सरीत आम्ही सगळे वाकून फिरलो. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं झालं. शेवटी संगप्पाला घमेल्याच्या कडेला पांढऱ्या फडक्याची चावलेली चिंधी दिसली. सगळ्यांनी हौशीकडे बघितलं. हौशीनं सावकाश जिभेनं नाकपुडी पुसली.

"नंदीवर म्हादेव बसतो हे ऐकलं व्हतं," बांधापलीकडून आलेला एक शेजारी म्हणाला. "हितं तर म्हादेवच नंदीच्या पोटात बसला!"

सगळे खो खो हसले. काकाही हसले. पण त्यांनी ताट हळूच पुढं सरकवलं.

"काका, जेवून घ्या," मी म्हणालो. "तुमची गोळी झालीय."

"न्हाई डॉक्टर. लिंग अंगावर न्हाई तर पाणी बी न्हाई. आजवर कदी घेतलं न्हाई, आता काय म्हातारपनी घेऊ?"

साखरेची गोळी घ्यायची आणि वर काही खायचं नाही, हा खेळ फार वाईट. तासा-दोन तासांत घाम फुटतो, हात थरथरतात, मग माणूस बरळायला लागतो आणि त्यानंतर उठत नाही. अंजूनं मठातल्या स्वामींना फोन लावला. ते बिचारे म्हणाले, खा, दोष नाही, देव समजून घेतो. काकांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं, नमस्कार केला आणि फोन परत दिला.

"त्येंनी सांगितलं, लई बरं झालं. पर माझ्या ह्या हाताला कोन समजावून सांगंल?" त्यांनी डावा तळहात उघडून दाखवला. तळहात रिकामा होता आणि तेवढ्यातच थोडा थरथरायला लागला होता.

माझ्याकडे ग्लुकोजच्या बाटल्या होत्या. गाईच्या असल्या तरी ग्लुकोज ते ग्लुकोज. पण काका हात पुढं करीनात, दवाखान्यात यायला उठेनात. गंगम्माकाकूंनी पळी खाली ठेवली. एवढा वेळ सगळ्यांना वाढणारी ती बाई एकाएकी रिकाम्या हातांनी उभी राहिली. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी काढता ना पोटातलं? काढा की मग."

"आधी आत आहे का ते तर बघू," मी म्हणालो.

त्यावर अंजू गाडीकडे गेली. ती उदगीरच्या शाळेत शिक्षिका आहे आणि बारावीच्या परीक्षेला दारात उभी राहून पोरांच्या अंगावरून लपवलेले मोबाइल पकडायचं, धातू लागला की ओरडणारं यंत्र फिरवते. ते यंत्र डिकीत पडून होतं. तिनं ते हौशीच्या डाव्या बाजूनं, पुढच्या पायाच्या मागं फिरवलं आणि ते जोरात ओरडलं. बांधावरच्या पोराटोरांनी टाळ्या पिटल्या.

"पकडली," अंजू म्हणाली. "हिला तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही."

४

संगप्पाला अवजारं आणायला मोटारसायकलवर दवाखान्यात पाठवलं आणि मी गाय तपासायला घेतली. ताप नाही, डोळे स्वच्छ. मग कानाला नळी लावून डाव्या कुशीवर ऐकायला लागलो. निरोगी पोटाचा आवाज मला फार आवडतो. लाकडी पुलावरून लांब कुठं बैलगाडी जावी तसा गडगडाट येतो, विरतो, जरा वेळानं पुन्हा येतो. हौशीचा आवाज अगदी तसाच होता.

आता आमची एक रीत आहे. एका हातानं नळी धरायची आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या बरगडीवर टिचकी मारायची. आवाज कसा येतो त्यावरून आत वारा आहे, पाणी आहे की चारा ते कळतं. मी वर्षानुवर्षं मारतोय तशा दोन टिचक्या मारल्या.

टक् टक्.

नळीत त्या ऐकू आल्या. मग थोडं थांबून आतून आलं, टक् टक् टक्.

मी नळी कानातून काढली, पुसली, पुन्हा घातली. एक टिचकी मारली. आतून दोन आल्या. घाईनं नाही, वेडंवाकडं नाही. आहेराच्या पाकिटात वरचा एक रुपया घालतात, तशी माझ्यापेक्षा एक जास्त.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. पोटात वारा असतो, वाऱ्याचे बुडबुडे फुटतात. बरगडीचा नाद दुसऱ्या बरगडीत घुमतो. चांदीची डबी एखाद्या खिळ्यावर आपटत असेल. शिवाय मी खीर तीनदा घेतली होती आणि जड जेवणावर माणसाला काहीही ऐकू येतं. ही सगळी कारणं उत्तम होती. एवढी कारणं एकदम सुचायला नको होती, एवढंच.

"काय झालं हो?" अंजूनं विचारलं. "तोंड का उतरलं?"

"काही नाही. आवाज चांगला आहे."

"मग आणखी एकदा ऐका की."

मी म्हणालो, पुरे आहे. खरं सांगतो, तिसऱ्यांदा टिचकी मारायची माझी छाती झाली नाही. परत किती येतील याची भीती नव्हती. आपण ज्या घरात न विचारता रोज हात घालतो, त्या घरातून आज 'कोण आहे?' असं कुणीतरी विचारत असावं, असं वाटलं.

तिकडे कोपीच्या सावलीत काकांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. भस्माच्या रेघा ओघळत होत्या. गंगम्माकाकू ऐन थंडीच्या दिवसांत पदरानं वारा घालत होत्या. काकांनी मला हाक मारली आणि माझं नाव चुकवलं.

५

संगप्पा आला. आम्ही झाडाखाली पाणी शिंपडलं, हौशीला दोन दोरांनी बांधलं, कूस भादरून धुतली आणि भुलीची इंजेक्शनं दिली. सगळं शिवार गोल करून बसलं होतं. कुणाच्या हातात अंबिलीचा पेला, कुणाच्या हातात ऊस. ऑपरेशन बघायला एवढी माणसं आणि एवढा खाऊ मी कुठल्या मोठ्या दवाखान्यात बघितला नाही.

"हर हर म्हादेव!" मी सुरी लावली तेव्हा कुणीतरी ओरडलं.

"तो आत हाय, हळू वरड!" दुसरा म्हणाला.

कातडं, मांस, मग पोटाची भिंत. ती बाहेर ओढून कडेनं टाके घातले, म्हणजे आतली घाण भलतीकडे सांडत नाही. मग ती उघडली. ऊन वाफेचा लोट आला, आंबलेल्या चाऱ्याचा ओळखीचा वास आला आणि माझा जीव जरा थाऱ्यावर आला. माझीच जागा होती ती. मी खांद्यापर्यंतचा लांब हातमोजा चढवला आणि आत शिरलो.

वरचा चारा बाजूला केला. खाली कोमट पातळ पाणी. तिथून हात पुढं, छातीच्या दिशेनं, उंबरठ्यासारखी एक कड ओलांडून खाली. तिथं जाळीचं पोट लागतं. आतून मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात त्याला, बोटांना बरोबर कळतात. दर खेपेला तिथं वाळू, खडे, गंजके खिळे आणि कसली कसली चिंधोटी असतात.

हौशीच्या जाळीत वाळूचा कण नव्हता. बोटं फिरवली तर सगळं लख्ख, सणाच्या आदल्या दिवशी झाडून काढलेल्या खोलीसारखं. मी आणखी पुढं गेलो. एका कडेला बोटांना खिळे लागले. ते पडलेले नव्हते. एका घरात एक, सगळ्यांची डोकी एका बाजूला, असे ओळीनं ठेवलेले होते. त्यांच्या शेजारी एक बटण, एक चपटी बांगडी आणि काहीतरी मऊ, नीट घडी घातलेलं. चाचपलं तर फडकं होतं.

गाय फडक्याची घडी घालत नाही. एवढं जनावरांचं शास्त्र मला येतं.

"सापडलं का?" संगप्पानं विचारलं. तो पोटाची कड धरून उभा होता आणि त्याचं लक्ष खिरीच्या पातेल्याकडे होतं.

"शोधतोय," मी म्हणालो.

हात बाहेर ओढावा असं फार वाटलं. पण कोपीतून गंगम्माकाकूंचा आवाज आला, "आवो, डोळे उघडा की, माझ्याकडं बघा की." मी हात तसाच ठेवला. डबी कुठंच नव्हती. सगळीकडे फिरून झालं होतं. काय सुचलं कोण जाणे, शोधायचं सोडून मी तळहात वर करून उघडा धरला. मागायला धरतात तसा.

तळहातावर वजन आलं.

ते पडलं नाही. पडलेली वस्तू आपटते. ही ठेवली गेली. आणि मग कुणीतरी माझी बोटं एक एक करून मिटली आणि मिटलेल्या मुठीवर बाहेरून हलकेच दाबलं. लहानपणी निघताना आत्या हातात खाऊ कोंबायची आणि नको नको म्हणायच्या आत मूठ मिटवून धरायची, अगदी तसं.

मी हात बाहेर काढला. मुठीत डबी होती.

६

अंजूनं डबी विहिरीच्या पाण्यानं धुतली आणि पळत कोपीत नेली. मी गाईपाशीच थांबलो. कूस उघडी टाकून जाता येत नव्हतं. तिथून मला दिसलं ते सांगतो. काकांच्या हातात डबी ठेवल्यावर ती थरथरणारी बोटं तिच्याभोवती अशी मिटली की जणू तीच त्यांच्या अंगातली चावी होती. त्यांनी लिंग तळहातावर घेतलं, त्यावर नजर स्थिर केली, ओठ हलले. एवढी छोटी पूजा त्यांनी आयुष्यात केली नसेल. तेवढ्यात काकूंनी गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला, वर खिरीची वाटी लावली आणि धरूनच ठेवली.

काकांनी वाटी रिकामी केली, मिशा पुसल्या, हळूहळू डोळ्यांत ओळख आली आणि ते म्हणाले, "अजून घाल. गूळ कमी पडला हाय."

मग जो काही गोंधळ झाला! कुणी शिवारफेरीतल्या 'ओलगे ओलगे'चा घोष सुरू केला, कुणी हलगी काढली, शेजारणींनी काकूंना मिठ्या मारल्या, काकू रडत रडत वाढत सुटल्या आणि जेवलेली माणसं पुन्हा पानावर बसली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांना पाणी आलं, आणि दोन्ही हात घाण असल्यामुळे ते मला पुसताही येईना.

काका काठी टेकत माझ्याकडे आले. डबी गळ्यात होती.

"डॉक्टर, उपकार झाले. अन् गाठ बी लई नामी मारली तुमी."

"कसली गाठ?"

"ही काय." त्यांनी दोरा दाखवला. सकाळी दोन तुकडे झालेला तोच जुना दोरा, मधोमध बारीक, घट्ट गाठ मारून जोडलेला. गाठीची शेंडी आत दाबून टाकलेली, म्हणजे मानेला टोचू नये. "गंगम्माला बी अशी येत न्हाई."

मी अंजूकडे बघितलं. तिनं मान हलवली. "मी फक्त धुतली. गाठ होतीच की त्याला."

संगप्पाला विचारण्यात अर्थ नव्हता. तो पानावर बसायला उतावीळ झाला होता. मी काकांना म्हणालो, "चालायचंच काका," आणि सुई-दोरा हातात घेतला. पहिला टाका घालायला पोटाची कड धरली. कडेच्या आत काळोख होता आणि त्यातून ऊब येत होती. सगळं शिवार जेवत होतं. मी ते दार शिवायला निघालो होतो आणि माझा हात काही केल्या पुढं होईना.

७

तेवढ्यात गंगम्माकाकू आल्या. त्यांच्या हातात उंडा होता, बाजरीचा, वर तुपाची धार.

"हौशीला द्या की हे. बिचारी सकाळधरनं उभी हाय. माझ्या शेतात आज कुनी उपाशी ऱ्हायचं न्हाई."

"काकू, आत्ता तोंडानं नको. उद्यापर्यंत हलकं हलकं देऊ."

"मग हितनं घाला की!" त्यांनी सरळ उघड्या कुशीकडे बोट दाखवलं. "दार तर उघडंच हाय."

संगप्पा हसला. अंजू हसली. मीही हसलो. खरं म्हणजे त्यात काही चूक नव्हतं. आम्ही कधी कधी आजारी गाईच्या पोटात असाच वरून पाला-चारा घालतो. एका उंड्यानं काही बिघडत नाही. डॉक्टर म्हणून माझी हरकत नव्हती. माणूस म्हणून माझी बोबडी वळली होती. पण येळवस होती. आणि ज्यानं झाडून-पुसून ठेवलेल्या घरातून एका म्हाताऱ्याची वस्तू नीट दोरा जोडून परत दिली, त्याला 'जेवलास का' असं कुणी विचारलं नव्हतं.

मी नवा हातमोजा चढवला. उंडा तळहातावर घेतला. आत शिरलो. चारा, कोमट पाणी, उंबरठा, जाळी. तिथं हात थांबवला आणि तळहात उघडा ठेवला.

बाहेर हलगी वाजत होती. आत काहीच हललं नाही. पोट आवळतं तसं एकदा आवळलं आणि सैल झालं. मनात म्हटलं, बघ, मघाशीही असंच झालं असणार. पोट आवळलं, डबी घरंगळून हातात आली, त्याच दाबानं मूठ मिटली. गाठीचंही काहीतरी निघेल. मला इतकं हायसं वाटलं की मी उंडा तिथंच टाकून हात काढणार होतो.

तेव्हा माझ्या मनगटाला बोटं लागली. ती माझ्याच हातावरून चाचपत, लाजल्यासारखी पुढं आली. दोन बोटं आणि अंगठा. उंडा अलगद उचलला गेला.

मी हात बाहेर काढला. तळहातावर नुसतं तूप होतं.

"घातला का?" काकूंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "घेतला."

मग मी टाके घातले. पोटाचे, मांसाचे, कातड्याचे. आयुष्यात इतके सुबक टाके घातले नाहीत मी, आणि आत जागा राहील इतपत हात हलका ठेवला. संगप्पा ताटावर जाऊन बसला. अंजूनं माझ्यासाठीही पान मांडलं. उन्हं कलली होती, करडईवर पिवळा उजेड पडला होता आणि काका शेजाऱ्याला डोळ्याचं ऑपरेशन आता लगेच करून घेणार म्हणून सांगत होते.

निघण्याआधी रीतीप्रमाणे कानाला नळी लावली. पुलावरची बैलगाडी नीट चालली होती. मी बरगडीवर एक टिचकी मारली आणि थांबलो. उत्तर आलं नाही. वाकून हौशीचं तोंड बघितलं. तिला पेंग आली होती, जबडा बंद होता, रवंथ थांबलं होतं.

नळीत मात्र ऐकू येत होतं. आत कुणीतरी सावकाश, चवीनं चावत होतं.